बाहेरगावी पूल खेळायचंय, मॅप बघू की मार्करला (पार्लरमध्ये टेबलं सांभाळणारा, स्कोअर ठेवणारा माणूस) विचारू?

कामानिमित्त फिरताना संध्याकाळी एक-दोन फ्रेम (डाव) खेळायची सवय असेल तर आधी मॅपच उघडतो ना आपण. पटकन सापडतं, वेळ, फोटो सगळं कळतं, पण एकदा फोटोत तीन टेबलं बघून रिक्षाचे पैसे घालवले आणि आत बघतो तर पोरं प्लेस्टेशन खेळतायत, टेबल एकच आणि त्याचं कापडही फाटलेलं. शिवाय स्नूकरचं १२ फुटी टेबल आहे की पूलचं ८-९ फुटी, हे तिथे कोण लिहितं?

त्यापेक्षा एका पूल पार्लरमध्ये तासभर खेळा आणि मार्करशी गप्पा मारा. कुठल्या टेबलाचं कापड नवीन, कुशन (टेबलाच्या कडेची रबरी पट्टी) कुठे मेलेत, म्हणजे बॉल नीट उसळत नाही, रविवारी ओपन टूर्नामेंट कुठे, एन्ट्री किती, हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला आधीच दिलेली आघाडी) देतात का, सगळं त्याला तोंडपाठ. पुण्यातल्या पीवायसीसारख्या जिमखान्यात मात्र सहसा मेंबरची ओळख लागते, तीही बऱ्याचदा अशा गप्पांतूनच निघते. अर्थात एकच रात्र मुक्काम असेल तर मॅपच बरा, फक्त निघायच्या आधी फोन करून टेबलाचं माप विचारा. आणि चॉक (क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला लावायचा खडू) स्वतःचा न्या हो!