अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन, पहिले आठ अंक: चित्रकार मधेच बदलला की पैसे कशाचे द्यायचे?

‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ या बॅटमॅनची गोष्ट नव्याने सांगणाऱ्या डीसीच्या कॉमिक्स मालिकेचा चौथा अंक उघडला की पहिल्या पानापासून चिडचिड सुरू होते. आधीचे तीन अंक निक ड्रॅगोटाचे. अख्खं दार अडवेल असा ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, छातीवरचं वटवाघूळ उपसून कुऱ्हाडीचं पातं करणं, मुखवट्याचे कान सुऱ्यांसारखे ओढून काढणं, एकेका पानात ठासून भरलेल्या बारीक चौकटी. त्याला डोळे सरावतात न सरावतात तोच चौथ्या अंकात गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टा येतो. किंमत तीच, ४.९९ डॉलर, म्हणजे टपालखर्च सोडून चारशेच्या वर. चादर अर्धी विणून झाल्यावर मागावरचं सूत बदललं, तर सोलापुरातलं कुठलंही गिऱ्हाईक ती परत करेल.

इथला ब्रूस नेहमीसारखा श्रीमंत नाही, त्याची आई जिवंत आहे, आल्फ्रेड घरगडी नसून गुप्तहेर आहे, हे ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना ठाऊक आहे. स्कॉट स्नायडरच्या लिखाणाबद्दल तक्रार नाहीच. ब्रूसच्या लहानपणीचा प्राणिसंग्रहालयातला गोळीबार आणि आजचं गॉथम शहर तो ज्या पद्धतीने आलटून पालटून मांडतो, ते फार ताकदीचं आहे. ब्लॅक मास्क या खलनायकाची टोळीही खरोखर भीतीदायक वाटते.

एक ते सहा अंक सलग वाचले की चौथ्यावरचा राग मात्र बराच ओसरतो. तो अंक बराचसा मागच्या काळात घडतो, आणि वॉल्टाची बारीक, कोरडी रेघ त्या आठवणींना शोभते. महिन्याला एक अंक वाचताना हे लक्षात येत नाही, कारण तिसऱ्या अंकाचा वेग डोक्यात असतो आणि चौथा तो वेग तोडतो. म्हणून पहिल्या सहा अंकांसाठी सुट्या अंकांच्या मागे न लागता ‘द झू’ हा एकत्रित खंड घ्यावा. स्वस्त पडतो आणि वाचायलाही बरा. एकच अडचण, खंडाची पाठ गोंदाने चिकटवलेली असते, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग घडीत जातो. सुटा अंक दोन पिनांवर शिवलेला असल्याने जास्त मोकळा उघडतो.

सातवा आणि आठवा अंक मार्कोस मार्टिनचे. इथे चित्रकार बदलला याचा आनंदच झाला. मिस्टर फ्रीझ या खलनायकाची गोष्ट दोन अंकांत सुरू होऊन संपते, आणि मार्टिनच्या स्वच्छ, मोकळ्या पानांमुळे ती जास्त थंड, जास्त भयंकर वाटते. पूर्ण गोष्ट एकाच्या हाती द्या, मग तो कोणीही असो. हे दोन अंक सुटेच घ्यावेत.

मार्व्हलच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये नेमकं हेच चुकलं, आणि तो राग अजून गेलेला नाही. मार्को चेकेट्टोने तीन अंकांत पस्तिशीतला पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन), त्याची बायको मेरी जेन आणि दोन मुलं यांचे चेहरे ओळखीचे केले. चौथा अंक जवळपास सगळा जेवणाच्या टेबलावर. हाणामारी नाही, नुसतं बोलणं. जिथे सगळा भार चेहऱ्यांवर, तिथेच डेव्हिड मेसिना आला, आणि पाचवाही त्याचाच. मेसिना वाईट नाही, पण हा अंक त्याला द्यायचा नव्हता. लेखक जोनाथन हिकमनचे संवाद इतके पक्के आहेत की अंक तरीही तरतो.

उलट ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर’ बघा. हाविएर रॉड्रिगेझ रेखाटनही करतो आणि रंगही स्वतःच भरतो, त्यामुळे पान एका डोक्यातून उतरलेलं दिसतं. सहा अंकांची मालिका वाढवून बारा केली, ते योग्यच झालं.

मागवण्यापूर्वी प्रकाशकाची आगामी अंकांची यादी बघावी. ती साधारण तीन महिने आधी येते आणि त्यात आतल्या पानांच्या चित्रकाराचं नाव असतं. मुखपृष्ठावर विसंबू नये, तिथला चित्रकार वेगळा असू शकतो. जाड कार्डाच्या पर्यायी मुखपृष्ठाला बहुधा एक डॉलर जास्त पडतो आणि आतली पानं तीच असतात. शिवाय ते कार्ड वारंवार उघडलं की घडीवर शाई तडकते आणि पिनेपाशी फाटतं. साधं मुखपृष्ठच टिकतं. विक्रेत्याला अंक दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये पाठवायला सांगावं. नुसत्या बुडबुड्यांच्या पाकिटात कोपरे दुमडतातच.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान अंक ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीवरची चिकटपट्टी करते. पारा चाळिशीपार गेला की तिचा गोंद पाझरतो, आणि अंक पिशवीतून काढताना मुखपृष्ठ पट्टीला चिकटून सोलून निघतं. पिशवीचं तोंड पाठीमागे दुमडून आत खोचावं, पट्टी लावूच नये. पिशवी पॉलीप्रॉपिलीनची, आतला पुठ्ठा पावणेसात बाय साडेदहा इंचांचा आणि आम्लविरहित. त्याची एकच बाजू चकचकीत असेल तर ती अंकाकडे करावी. अंक उभे ठेवावेत, तेही एकमेकांना टेकून वाकणार नाहीत इतपत घट्ट. जागा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पत्र्याखालच्या माळ्यावर कधीच नाही आणि पश्चिमेच्या भिंतीलाही नाही. पावसाळ्यात पिना गंजतात, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदात मुरला की जात नाही.