‘निजामाची रायफल’ आणि माझे 1,59,500 रुपये

1,59,500 रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे ‘गेले असतील पाच-दहा हजार’ असं कुणाला वाटायला नको. इसार 40,000, फोनवरून. ‘मूल्यांकन आणि सुरक्षा तपासणी’ 8,500, फोनवरून. ‘ट्रान्सफरचे कागद’ 6,000, तेही फोनवरून. आणि राहिलेले 1,05,000 रोख, नोटा मोजून विकणाऱ्याच्या हातात. वसमतला हळद विकून आलेला पैसा होता. रायफल आजपर्यंत घरी आली नाही. आता वाटतं, आली नाही तेच बरं. आली असती तर हे लिहायला मी बाहेर नसतो.

माझ्याकडं वडिलांच्या काळापासून बाराबोअर बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर. रानडुकरं आणि रोही काय करतात ते आमच्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, माझी एक जागा मोकळी होती. जुनी .315 बोअरची (नळीच्या मापाची) रायफल कुणाकडं आहे का, असं दोन-चार जणांजवळ बोललो होतो. तिथून ते कुणाच्या तरी कानावर गेलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: ओळखीतली ओळख, फोटो, ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’. ते उगाळत नाही.

पण हा माणूस साधा भामटा नव्हता. त्याला शस्त्र कायदा पाठ होता, आणि मराठवाड्यातल्या माणसाचं काळीज कुठं पघळतं तेही माहीत होतं. त्याची गोष्ट अशी: रायफल 1942 ची, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. निजामाच्या फौजेत होती. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनमध्ये रझाकारांकडून जमा झाली. पुढं लष्कराच्या सरप्लस मालात लिलावात निघाली, कुणीतरी नळी बदलून .315 करून घेतली आणि रीतसर लायसन्सवर चढवली. वर अमेरिकेतले डॉलरचे भाव मोबाईलवर दाखवले. तिकडं अशा जुन्या एनफिल्ड, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी रायफली, खरंच हौसेनं विकत घेतात, तेवढं खोटं नव्हतं. "दाजी, ही वापरा नाहीतर कपाटात ठेवा, भाव वरच जाणार." मागितले 2,10,000, ठरले 1,45,000. घासाघीस करून पाडून घेतलं याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं, हे लिहिताना हात थरथरतोय.

कुणी म्हणेल, एवढं खुळ्यासारखं कसं पटलं? पटण्यासारखंच होतं! इंग्रजांनी लष्कराचं .303 काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून वेगळ्या बोअरची .315 काढली, पण ती बनली त्याच ली-एनफिल्डच्या साच्यावर. तोच बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा), तशीच ठेवण. खरी .315 आणि ‘नळी बदललेली .303’ शेजारी ठेवल्या तर बाराबोअर वापरणाऱ्या माणसाला काय कळणार? मला दोननळी मोडून बघता येते. बोल्टची रायफल मी त्याआधी हातात धरलेली नव्हती.

रायफल बघितली ती शेतातल्या एका आखाड्यावर. वरचं लाकूड त्यानं ‘तेल लावायला’ म्हणून उतरवून ठेवलेलं. मी नळीत डोळा घातला. आटे चकचकीत होते, पण मागच्या टोकाला, जिथं काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये, एका बाजूनं उजेडाचा ठिपका दिसत होता. नळीच्या आत, बाजूनं उजेड! मी विचारलंही. तो म्हणला, "काय बघायलाव दाजी, गॅस निघायचं भोक आहे ते." आता, या रायफलींना गॅस बाहेर पडायला बोल्टच्या डोक्यापाशी जागा खरंच असते. नळीला मात्र नसते. अर्धं खरं सांगून त्यानं मला गप्प केलं. चाप ओढून बघतो म्हणलं तर, "रिकाम्या रायफलीचा चाप ओढू नका, पिन तुटते." काडतुसावर आपटणारी ती पिन तुटायला आधी आत असावी तरी लागते.

आणि ते सिंह. रात्री झोप लागत नाही ती त्या सिंहांमुळं. बोल्टच्या दांडीखाली, लाकूड आणि पोलाद जिथं जुळतं तिथं शिक्का असतो: वर राजचिन्ह, खाली कारखान्याची अक्षरं, खाली साल. साल घासलेलं होतं. पण वर राजचिन्ह होतं अशोकस्तंभाचे सिंह. मी बोट फिरवलं त्यावरून. राजमुद्रा आपण स्वीकारली 26 जानेवारी 1950 ला. निजाम शरण आला 17 सप्टेंबर 1948 ला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दर 17 सप्टेंबरला झेंड्यासमोर उभं राहून ज्यानं ती तारीख घोकली, त्याच्या हातात ‘निजामाची रायफल’ आणि रायफलीवर प्रजासत्ताकाचे सिंह! 1942 च्या ईशापुरी रायफलीवर इंग्रजांचा मुकुट पाहिजे. तिथंच रायफल खाली ठेवून चालता झालो असतो तर 40,000 वरच भागलं असतं. पण समोर चहा आलेला, सोबत आणलेला माणूस ‘भारी आहे, भारी आहे’ करायलेला, आणि विक्रेता म्हणला, तो फेरतपासणीचा शिक्का आहे. अशा वेळी कुणाला तारखा आठवतात? बसा म्हणावं तिथं एकदा.

बैल घेताना दात बघतो ना, तसं रायफलीचे नंबर बघा. नळी, बॉडी आणि बोल्टच्या दांडीचं बूड, तिन्हीकडं एकच नंबर पाहिजे. वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. मग काडतूस बसायची जागा ढिली असू शकते, आणि ती ढिली असली की पितळ फाटून गॅस थेट तोंडावर येतो. भाव तर तिथंच पडला. माझ्या फोटोतल्या दोन नंबरांचं जुळत नाही, हे मला नंतर फोटो मोठे करून बघताना दिसलं.

आता त्याची खरी कमाल ऐका. खासगी माणसानं हत्यार विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि 45 दिवस थांबावं लागतं. हा नियम खरा आहे. त्यानं अर्जाची प्रत दाखवली, आवकचा गोल शिक्का मारलेली, आणि म्हणला, "कायद्यानं 45 दिवस रायफल माझ्याकडंच राहणार. तुम्हाला घाईनं दिली तर दोघंही आत." केवढा सरळ माणूस, असं वाटलं मला! मी 45 दिवस शांत बसलो आणि तो 45 दिवसांत पसार झाला. अर्जाच्या प्रतीवर विश्वास ठेवू नका; त्या ठाण्यात स्वतः जाऊन आवक नंबर बघा. 45 दिवस पुरे व्हायच्या आत पूर्ण पैसे मागणारा चोर समजा.

गावातल्या निवृत्त सुभेदार काकांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणले, "बाबा, ही कवायतीची आहे. एनसीसीची पोरं परेडला खांद्यावर घेतात तसली. चेंबरला भोक पाडतात, पिन काढतात, म्हणजे कुणी उडवू नये." ते भोक बुजवून कुणी गोळी घातली असती तर नळी गालापासून वीतभर अंतरावर फुटली असती. ‘सुरक्षा तपासणी’चं 8,500 चं प्रमाणपत्र माझ्याजवळ आहे, ‘वापरास योग्य’ लिहिलेलं. हत्याराची चाचणी घ्यायलाही लायसन्स लागतं, हे मला आता माहीत झालंय.

मग ठाणं. तालुक्याच्या ठाण्यात आधी म्हणले, हा दिवाणी मामला. मी फोटो पुढं केले तर साहेबांचा सूर बदलला. "ही .303 दिसतेय. प्रतिबंधित बोअर. तुम्ही हातात घेतली होती का?" .303, 7.62, .410 मस्केट, यांना जिल्ह्याचं लायसन्स चालतच नाही, आणि बेकायदा बाळगलं तर 7 ते 14 वर्षं. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, मला! फसवणाऱ्याला शोधायचं राहिलं बाजूला, माझ्याच बाराबोअरचे कागद मागितले. निवडणूक लागली की हेच लोक दोन दिवसांत बंदूक जमा करून घ्यायला घरी येतात. तेव्हा माणूसबळ कुठून येतं? विकणाऱ्याच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर, पैसे तुमच्याकडून गेले, तक्रार तिकडं द्या. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढं पाठवता येतो म्हणलं तर एकजण हसला आणि दुसऱ्यानं पंखा वाढवला. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 ला फोन केला. 54,500 ची नोंद घेतली, खातं तोवर रिकामं; रोखीचं आमच्याकडं नाही म्हणले. शस्त्र शाखेत विचारलं, त्याच्या लायसन्सचा यूआयएन (ओळख नंबर) खरा आहे का एवढं तरी सांगा. कारकून म्हणला, माहिती अधिकारात मागा. मागितली. उत्तर आलं: त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. चोराच्या खासगीपणाची एवढी काळजी! आता वकील न्याय संहितेच्या 318(4), म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली खासगी फिर्याद करू म्हणतोय, त्याची फी आधी.

‘अँटिक आहे, लायसन्स लागत नाही’ असं म्हणणाराही भेटेल. दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला कायदा सूट देतो. उडणाऱ्या रायफलीला नाही, ती कितीही जुनी असो. नुसती वयावर सूट नसते. विकत घ्यायचीच तर लायसन्सवाल्या दुकानातून घ्या, पक्की पावती घेऊन. सोबत फौजेतला माणूस न्या, ‘भारी आहे’ म्हणणारा मेहुणा नको.

ती रायफल अजून त्याच्याकडंच आहे, म्हणजे तो ती पुढं कुणाला तरी दाखवणार. खुणा लिहून ठेवा: दस्त्याच्या डाव्या बाजूला उभी चीर आणि त्यात दोन पितळी स्क्रू, साल घासलेलं, पट्टा नवा कोरा खाकी, आणि बोल्टच्या दांडीवरच्या नंबराचे शेवटचे आकडे बॉडीवरच्याशी जुळत नाहीत. दिसली तर फोटो काढा, 112 ला कळवा, आणि इसार देऊ नका.