नीतिविचाराचा ऑनलाइन वर्ग: घ्याच, पण पहिला आठवडा सोसून

माझी हयात हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे 'तत्त्वज्ञान, साहित्य आणि कलेतून मूल्यांचा शोध' अशी जाहिरात दिसली की आधी शंका येते, कारण असल्या पाट्यांखाली बहुधा सुविचार विकायला ठेवलेले असतात. पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं. पन्नासेक शब्दांचा एक तक्ता आला: धैर्य, करुणा, स्वातंत्र्य वगैरे. त्यातली 'आपली' पाच मूल्यं निवडायची. जवळजवळ सगळ्यांनी प्रामाणिकपणावर खूण केली, मीही केली. आपल्याबद्दल काय ऐकायला बरं वाटतं, एवढंच अशा तक्त्यातून कळतं. मी वर्ग सोडणारच होते.

मग जर्मन तत्त्वज्ञ कांट आला आणि मी थांबले.

कांटचा 1797 चा निबंध अनेकांना ऐकून माहीत असतो. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र आत आहे का? कांट म्हणतो, तिथेही खोटं बोलायचं नाही. वर्ग चिडला, अपेक्षेप्रमाणे. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना मनसोक्त चिडू दिलं आणि मग कांटच्याच आयुष्यातला एक प्रसंग समोर ठेवला. धर्मविषयक लिखाणावरून प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, 1794 मध्ये त्याला तंबी दिली. कांटने लिहून दिलं की 'महाराजांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन' या नात्याने आपण या विषयावर गप्प राहू. 1797 मध्ये राजा वारला आणि कांट पुन्हा बोलू लागला. पुढच्याच वर्षी त्याने छापून सांगितलं की ते शब्द आपण मुद्दाम निवडले होते, म्हणजे वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच राहावं.

वर्गातलं कुणीतरी लगेच म्हणालं, ''म्हणजे नरो वा कुंजरो वा!'' त्यावरून जी जुंपली ती वेळ संपली तरी थांबेना. धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या एका वाक्याने खाली आला. मग कांटचा यायला हवा की नको? मला हा वाद फार जवळचा. खोटा आकडा सापडला तर माझं काम सोपं होतं. खरा त्रास देतं ते असं पत्रक, ज्यातला प्रत्येक आकडा खरा असतो आणि वाचणारा तरी फसतो. अशा पत्रकांवर मी सह्या केल्या आहेत, नियमात बसत होती म्हणून. प्रामाणिकपणावर खूण करताना ती मला आठवली नव्हती.

चित्रकलेचं सत्रही तोडीचं झालं. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1814 मध्ये रंगवलेलं, 3 मे 1808 ला नेपोलियनच्या शिपायांनी माद्रिदमध्ये केलेल्या गोळीबाराचं चित्र बाईंनी पडद्यावर लावलं आणि बराच वेळ कुणालाच बोलू दिलं नाही. आधी नजर पांढऱ्या सदऱ्यातल्या, हात पसरलेल्या माणसाकडे जाते. उशिरा लक्षात येतं की बंदूक रोखलेल्या शिपायांचा एकही चेहरा दिसत नाही, नुसत्या पाठी. 'वरून आदेश होता' हे वाक्य ज्यांनी कार्यालयात ऐकलंय त्यांना त्या पाठी ओळखीच्या वाटतील.

नॉर्वेच्या इब्सेनचं 'डॉल्स हाउस' (1879) हे नाटक घाईत उरकलं, हे खटकलं. जर्मनीतल्या एका अभिनेत्रीने नायिका नोराने शेवटी मुलांना सोडून जाणं साकारायला नकार दिला, म्हणून इब्सेनने स्वतःच्या हाताने वेगळा शेवट लिहून दिला आणि पुढे त्यालाच रानटी अत्याचार म्हटलं. यावर अख्खं सत्र व्हायला हवं होतं. दुसऱ्या कुणी आपल्या नाटकाची मोडतोड करण्याआधी ती आपणच करावी का? बाई दोन वाक्यांत पुढे गेल्या.

आणि वेळ गेला कुठे, तर ट्रॉलीच्या कोड्यावर. सुटलेली ट्रॉली रुळावरच्या पाच जणांना चिरडणार, वळवली तर दुसऱ्या रुळावरचा एक जण मरणार. पाच वाचवायचे की एक, यावर मतदान, टक्केवारी, हशा. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईने 1967 मध्ये हा प्रसंग गर्भपाताच्या नैतिकतेवरच्या निबंधात मांडला होता. शेजारी दुसरा प्रसंग होता: दंगल टळावी म्हणून निरपराध माणसाला फाशी देणारा न्यायाधीश. चालकाने एकाच्या दिशेने गाडी वळवणं आपल्याला चालतं, मग न्यायाधीश का चालत नाही, हा तिचा प्रश्न. न्यायाधीश काढून टाकला की उरतो तो करमणुकीचा खेळ. मी तसं अभिप्रायात लिहिलं. ''पुढच्या वेळी बघू'' असं उत्तर आलं.

व्यवहाराचं थोडक्यात: रेकॉर्डिंग मिळतं, पण या वर्गाचा जीव चर्चेत आहे, त्यामुळे थेट हजर राहणं जमत असेल तरच नाव घाला. वाचन आधी करावं लागतं, आणि न करता आलेला माणूस लगेच उघडा पडतो. तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागत नाही. आयुष्याचे निर्णय सोपे होतील अशी आशा असेल तर निराशा होईल. माझे झालेले नाहीत. पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव घातलंय, आणि तक्ता आला तर कोरा परत पाठवणार आहे.