मोसंबीची ग्रीनिंग टेस्ट कोल्हापुरात करून घेतली, पाचपैकी साडेतीन स्टार

लॅबचं नाव टाकत नाही, उगं कुणाला त्रास नको. कागल साईडला उसाच्या बांधाला आमची मोसंबीची १२ झाडं हायत, आजोबांची हौस. मागच्या उन्हाळ्यात त्यातल्या दोन झाडांची पानं पिवळी पडायला लागली. खताच्या दुकानदारानं फोटो बघितला न बघितला आणि झिंक मारा म्हणाला, मारलं, दोनदा मारलं, काय फरक नाही. मग कुणीतरी म्हणालं ग्रीनिंग असंल, म्हणजे लिंबू-मोसंबीच्या झाडांचा जंतूचा रोग, पीसीआर करून घ्या, म्हणजे जंतूचा डीएनए मशीनमध्ये फेरी-फेरीनं वाढवून शोधायची टेस्ट.

काउंटरवरच्या पोरानं फोनवर एवढंच सांगितलं, "पानं घेऊन या." कुठली, किती, काय नाही. मी आपली शेंड्याची कोवळी कोवळी पानं तोडली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीवरनं घेऊन गेलो, पोचेपर्यंत पिशवीत पाणी सुटलेलं, पानं उकडलेल्या भाजीसारखी. तरी पोरानं घेतली आणि एका सॅम्पलचे १८०० पण घेतले. चार दिवसांनी रिपोर्ट, एकच शब्द, निगेटिव्ह. खूश होऊन परत झिंक मारलं.

नोव्हेंबरात झाडाची एक फांदी पार वाळली तवा परत गेलो, जरा आवाज चढवूनच, मग आतनं एक मॅडम बाहेर आल्या. अर्धा स्टार तिथंच वाढला. त्यांनी माझ्याच हातातलं पान मधल्या शिरेवर दुमडलं आणि उजेडाकडं धरलं. झिंक कमी असलं की शिरांच्या मधला भाग दोन्ही बाजूला सारखाच पिवळा होतो, ह्या पानावर एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला जुळतच नव्हता! एवढं फुकटातलं ज्ञान दुकानदाराला नसावं?

मॅडम म्हणाल्या हा जंतू अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्यांतच राहतो, म्हणून जून पानाचा देठ आणि मधली शीर लागते, आणि झाडात तो सगळीकडं सारखा पसरलेला नसतो म्हणून चारी बाजूची पानं घ्यायची, कागदात गुंडाळून. बाकीच्या जंतूंसारखा लॅबच्या साध्या प्लेटवर हा वाढवता येत नाही म्हणूनच नावाआधी कँडिडाटस लावतात, मग डीएनए शोधण्यावाचून इलाज नाही. शिवाय उन्हाळ्यात तो कमी सापडतो म्हणे.

ह्या खेपेचा रिपोर्ट मात्र बघण्यासारखा. एका झाडाची सीटी २६, म्हणजे २६ व्या फेरीत मशीनला सिग्नल मिळाला. आकडा जेवढा लहान तेवढा जंतू जास्त, कारण दर फेरीला डीएनए दुप्पट होतो, १० फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळजवळ हजारपट. शेजारी झाडाच्या स्वतःच्या डीएनएचा कंट्रोल पण होता, तो आला म्हणजे सॅम्पल खराब नव्हतं. पहिल्या रिपोर्टात ही ओळच नव्हती, म्हणजे त्या निगेटिव्हला काय अर्थ होता? पैसे परत मागितले तर म्हणाले, पॉलिसी नाही.

ह्याला औषध नाही, दोन्ही झाडं काढली. बाकीच्यांवर सिला किडीसाठी फवारणी चालू हाय, रोग तीच पसरवते. मशीन आणि मॅडमला पाच स्टार, काउंटरला दोन. जाणार असाल तर थेट मॅडमना विचारा, आणि पिशवी कागदाची न्या. राहिलेली १० झाडं परत तपासायची तर १८ हजार होतायत, त्यात काय डिस्काउंट बसतोय का विचारलंय, अजून फोन नाही.