लहान परसात कोणता जपानी मेपल? चार जातींची तुलना

लंडन किंवा लेस्टरच्या घरामागे चार-पाच मीटरचं परस असेल, तर जपानी मेपल निवडताना उंचीच्या आधी पसारा बघा. रोपाच्या चिठ्ठीवर बहुतेकदा दहा वर्षांनंतरची उंची लिहिलेली असते. झाड त्यानंतरही वाढत राहतं. (पुण्या-मुंबईत याच्या वाटेला जाऊ नये. हिवाळ्यातली खरी थंडी मिळाली नाही तर झाड नीट विसावत नाही, आणि मे महिन्यात पानं करपतात.)

सगळ्यात जास्त फसगत क्रिम्सन क्वीन या जातीच्या बाबतीत होते. उंची दीड मीटर वाचून लोक ते वाटेच्या कडेला लावतात. पण त्याच्या फांद्या झुकत झुकत आडव्या पसरतात आणि घेर अडीच मीटरपर्यंत जातो. मग वाट मोकळी ठेवायला टोकं छाटावी लागतात आणि झाडाचा डौल कायमचा बिघडतो. चहूबाजूंनी मोकळी जागा असेल तरच हे घ्या. झिरमिळ्यांसारखी लाल पानं उन्हाळ्यातही रंग धरून राहतात, पण कोरडा वारा त्यांना सोसत नाही.

लाल रंग हवाच आणि जागा कमी, तर शैना. ब्लडगुड या मोठ्या जातीपासून निघालेलं हे बुटकं रूप दीड-दोन मीटरचं, गोलसर होतं. सकाळचं चार-पाच तास ऊन द्या. दाट सावलीत त्याची लाली हिरवट पडते.

कुंडीसाठी मिकावा यात्सुबुसाला तोड नाही. पानं कौलांसारखी एकावर एक रचलेली, वाढ अगदी सावकाश. मात्र या दाटीत आतल्या काड्या उजेडाअभावी वाळतात. पानगळीनंतर त्या बोटांनी मोडून काढा, नाहीतर ओल धरून बुरशी येते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा पाचेक सेंटीमीटरच रुंद घ्या. फार मोठ्या कुंडीतली माती लवकर सुकत नाही आणि मुळं कुजतात. दर दोन-तीन वर्षांनी, फांद्यांवरचे डोळे (पानांचे कोंब) फुगण्याआधी, कुंडी बदला.

शिशिगाशिरा म्हणजे सिंहाचं डोकं. हे उभं वाढतं, सावकाश अडीच-तीन मीटरपर्यंत जातं, आणि अरुंद कोपऱ्यात शोभतं. चुरगळल्यासारखी जाडसर पानं ऊन-वारा बऱ्यापैकी सोसतात आणि इतर मेपल रंगून गेल्यावर सोनेरी-केशरी होतात. जमिनीत एकच झाड लावायचं असेल, तर आमचं मत यालाच.

लागवड चौघांचीही सारखीच. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोड रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग मातीवर दिसला पाहिजे. वर 5-7 सेंटीमीटर सालीचं आच्छादन घाला, खोडाला न चिकटवता. पानांच्या कडा तपकिरी झाल्या की लोक खत टाकतात, ते चूक. वारा पानांतलं पाणी ओढतो आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून कडा जळतात. आडोसा करा, पाणी खोलवर द्या. छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. नंतर रस चढतो आणि कापलेल्या जागेतून गळत राहतो.

ही झाडं कलमी असतात. जोडाच्या खालून साध्या हिरव्या पानांचा जोमदार फुटवा आला, तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाचा. दिसताक्षणी बुडापासून काढा, नाहीतर दोन-तीन वर्षांत तोच वरच्या कलमाला झाकून टाकतो.