चेतकची कार्बोरेटर किट: पॅकिंग बरं, नीडल तपासून घ्या

आठ-दहा वर्षं जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडलेली बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर चेतक चालू करायची म्हटली की स्पेअर पार्टवाला सगळ्यात आधी काउंटरवर ठेवतो ती ही किट: कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, त्याचे सुटे भाग. पुण्यात नाना पेठेत मिळते, ऑनलाइनही मिळते. बहुतेक वेळा लोकल माल, पाकिटावर धड नावही नसतं. आत फ्लोटची नीडल (फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, तो वर आला की नीडल पेट्रोल बंद करते), झाकणाचं आणि बुडाचं पॅकिंग, पेट्रोलची जाळी, फायबर वॉशर, चार-दोन स्क्रू. थोडी महागातली घेतली तर जेटही, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे. पेट्रोलचा पाइप आणि टाकीच्या कॉकचं रबर मात्र नसतं, आणि पडून राहिलेल्या गाडीत आधी जातं ते नेमकं हेच.

किट उघडण्याआधी इंजिन फिरतंय का ते बघा. थेट किक मारू नका. प्लग काढून भोकातून 10 मिली टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने हलकेच पुढे-मागे करा. बोअरला (पिस्टन चालतो त्या नळीला) गंज धरलेला असला आणि जोर लावला, तर पिस्टनची रिंग पोर्टमध्ये, म्हणजे बोअरच्या खिडकीत, अडकून तुटते, मग किटचा काही उपयोग नाही. फिरलं की प्लग हेडला टेकवून स्पार्क बघा. पॉइंटच्या मॉडेलमध्ये पॉइंटवर (उघडझाप करून स्पार्क पाडतात ते) राखाडी थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवा, कोरा कागद ओढून पूड काढा आणि गॅप 0.4 मिमी ठेवा. प्लगची गॅप 0.6. नवा प्लग घेताना आखूड आट्यांचाच घ्या, लांब आट्यांचा पिस्टनला भिडू शकतो.

आता किट. जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा पिवळट थर फ्लोट चेंबरच्या तळाशी आणि जेटच्या भोकांत बसलेला असतो. सगळे सुटे भाग कार्ब क्लीनरमध्ये किंवा ताज्या पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवा, मग पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. जेटमध्ये पिन किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. किटमधले जेट वापरूच नका असं आमचं स्पष्ट मत आहे. जुना आणि नवा जेट उजेडाकडे धरून बघा, लोकल जेटचं भोक कधी तिरकं असतं, कधी आत पितळेचा कीस राहिलेला असतो. जुना साफ केलेला बरा.

किटचा खरा कस लागतो नीडलवर. टोकाचं रबर नखाने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे. प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर ती परत करा. नवी आणि जुनी शेजारी ठेवून लांबी बघा, अर्ध्या मिमीचा फरकही पेट्रोलची पातळी बदलतो. मग झाकण फ्लोटसकट उलटं धरा आणि इनलेटच्या नळीतून तोंडाने फुंका. फ्लोट नुसत्या वजनाने बसलेला असताना हवा अजिबात जाता कामा नये, बोटाने उचलला की गेली पाहिजे. इथे नापास झालेली नीडल बसवली तर गाडी ओव्हरफ्लो होणार. रात्री कॉक उघडा राहिला तर पेट्रोल इंजिनात उतरतं आणि सकाळी प्लग भिजलेला सापडतो. चेतक आडवी करून किक मारायची आपली जुनी सवय. पण नीडल आणि जेट ठीक असतील तर चोक ओढून दोन-तीन किकमध्ये काम व्हायला हवं.

पॅकिंग बरं असतं. फक्त जुन्यावर ठेवून भोकं जुळतात का ते पाहा, अडलं तिथे ब्लेडने कापा. बसवताना कार्बोरेटरचे लांब बोल्ट जीव खाऊन आवळू नका. बॉडी मऊ धातूची आहे, बूड वाकतं आणि आतली स्लाइड अडकते. आवळल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडा: स्लाइड खट् आवाज करत परत बंद झाली तर ठीक, रेंगाळली तर बोल्ट ढिले करा. आधीच कुणी बूड वाकवून ठेवलं असेल, तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ते घासून सपाट करा. मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, पुढचं ट्यूनिंग इंजिन गरम झाल्यावर.

पाचपैकी साडेतीन गुण देऊ, दीड गुण जेट आणि नीडलच्या भरवशासाठी कापला.

पण टाकी साफ न करता किट लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन दिवसांत नव्या जाळीवर लाल गाळ बसतो. टाकी उतरवा. कॉकचा नट टाकीच्या आत असतो, तो साध्या पान्याने निघत नाही, लांब टी-पाना लागतो. कॉक काढून भोक बुचाने बंद करा, मूठभर नट टाकून दहा मिनिटं हलवा, मग पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून चोवीस तास ठेवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा. ताबडतोब वाळवून 50 मिली टू-टी ऑइल आत फिरवा, नाहीतर तासाभरात नवा गंज दिसायला लागतो. कॉकचं रबर नवं घाला. पाइप पारदर्शक नको, काळा पेट्रोल-पाइप घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनी रबरं लवकर जातात. लांबी इतकीच ठेवा की पाइप कॉकपासून उताराने येईल, वेटोळं झालं तर पेट्रोल अडतं.

पहिल्या दोन लिटरला 50 मिली टू-टी टाका, पुढे लिटरला 20. सुरुवातीला पांढरा धूर येईल, ते बोअरमध्ये सोडलेलं ऑइल आहे. पंधरा मिनिटांनंतरही धूर तसाच राहिला आणि गिअर ऑइलची पातळी खाली जायला लागली, तर इंजिनाचं क्लचकडचं सील (तेल-हवा अडवणारी रबरी कडी) कडक होऊन गेलंय. हात सोडल्यावरही इंजिन आपोआप रेस होत असेल, तर संशय फ्लायव्हीलकडच्या सीलवर. तिथून हवा ओढली जाते, मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. अशा वेळी गाडी लगेच बंद करा. स्क्रू फिरवून हे जाणार नाही, आणि सील या किटमध्ये येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात.