सहा फुटी टाकी बनवून घेताय? पैसे देण्याआधी काच मोजा

घरात मोठी फिश टाकी बनवून घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. दुकानातल्या छोट्या रेडीमेड टाकीत फसवायला फारसा वाव नसतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी ऑर्डरने बनते तेव्हा मात्र काच, सिलिकॉन, स्टँड, फिल्टर, मासे सगळं एकाच माणसाच्या हातात जातं. त्याने कुठे काय मारलं, ते टाकी भरून आत दिवे लागले की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आम्ही पुण्यात ज्याच्याकडून काम करून घेतलं तो ओळखीतूनच आला होता. हॉलची मापं घेतली आणि पिशवीतून काचेचा तुकडा काढून दाखवला. "साहेब, ही एक्स्ट्रा क्लिअर. कड बघा, हिरवी दिसते का?" खरंच दिसत नव्हती. साध्या काचेची कड गर्द हिरवी असते, लोह कमी असलेल्या या काचेची फिकट निळसर. ठरलं ते असं: चारी बाजूंना १५ एमएम एक्स्ट्रा क्लिअर काच, आत लोखंडी फ्रेम, वर मरीन प्लायचं (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं) कॅबिनेट, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), एकूण १,८५,००० रुपये. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः लिहिलं. कोटेशनच्या कागदावर मात्र एवढंच होतं: 'अ‍ॅक्वेरियम ६ x २ x २, कॅबिनेटसह'. निम्म्याहून जास्त रक्कम आधी आणि उरलेली टाकी घरात बसली की लगेच. सगळी मेख इथेच आहे. टाकीचं खरं रूप पाणी भरून काही दिवस गेल्यावर कळतं आणि तोवर त्याचा हिशेब पुरा झालेला असतो.

टाकी आली ती रात्री उशिरा. माणसं दमलेली, घाईत. टाकी ठेवली, लगेच पाइप लावून भरली, निळे दिवे लावले, पैसे घेतले आणि त्याच रात्री मासेही सोडले.

मासे आठवड्याभरात एकेक करून मरायला लागले. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. थेंबांचं टेस्ट किट आणून पाहिलं तर पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवंगार झालं. त्याला फोन केला तर म्हणाला, "पाण्याचा दोष आहे, बॅक्टेरियाची बाटली देतो, नवे मासे पण आणतो." बाटलीचे पैसे वेगळे, माशांचे वेगळे. मासे मेले की गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडेच जातं. मुकी जनावरं मारून चालवलेला हा धंदा आहे आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

मग पुढची काच फुगल्यासारखी वाटायला लागली. स्टीलची लांब पट्टी काचेला लावली तर ती मधे टेकायची आणि दोन्ही टोकांना फट राहायची. माझा धाकटा भाऊ चिंचवडला टूल रूममध्ये आहे. तो व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन, घेऊन आला. टाकीच्या वरच्या कडेला सगळीकडून एक काळी पट्टी चिकटवलेली होती, शोभेसाठी म्हणून. ती एका कोपऱ्यातून सोलून त्याने माप घेतलं: ९.८ एमएम. दुसरीकडे घेतलं, तिथेही तेवढंच. दहाची काच ९.८ भरू शकते, पंधराची कधीच नाही. पट्टी पूर्ण काढल्यावर बाकीचंही उघड झालं. समोरची काच तेवढी एक्स्ट्रा क्लिअर होती, उरलेल्या तिन्हींच्या कडा हिरव्यागार.

पाण्याचा दाब उंचीवर ठरतो हे खरं, पण काच लांब असली की मधे जास्त वाकते. दोन फूट उंचीच्या सहा फुटी टाकीला जाणकार सहसा १२ एमएमच्या खाली जात नाहीत आणि वर आडव्या काचपट्ट्या नसतील तर १५ घेतात. आमच्या टाकीला पट्ट्याही नव्हत्या, 'रिमलेस लूक' म्हणून. या मापाच्या टाकीत जवळपास ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. काच, खडी, कॅबिनेट धरून वजन ९०० किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. घरगुती स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून बांधतात. म्हणून अशी टाकी बीमवर किंवा कॉलमजवळ भिंतीला धरून ठेवायची आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. याने जागा ठरवली ती सोफ्यावरून छान दिसेल अशी.

खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा आम्ही टाकी रिकामी केली. कॅबिनेटचं दार फुगून बसत नव्हतं. मरीन प्लायवर आयएस ७१० चा छाप असतो. आतल्या फळीवर होता आयएस ३०३, एमआर, म्हणजे साधं कमर्शियल प्लाय. लोखंडी फ्रेम पुढच्या बाजूला होती, मागे भार नुसत्या प्लायवर.

त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही पाणी जास्त भरलंत, काचेवर वॉरंटी नसते." नंतर फोन उचलणंही बंद.

तुम्ही काम देणार असाल तर काचेची जाडी, प्लायचा ग्रेड आणि फ्रेमच्या लोखंडी पाइपचं माप बिलावर लिहून घ्या. टाकी त्याच्या वर्कशॉपमध्येच काठोकाठ भरून दोन दिवस ठेवायला लावा आणि व्हर्नियर घेऊन स्वतः जा. मोठी रक्कम घरी पाणी भरून दोन आठवडे झाल्यावरच द्यायची, हे आधीच बोलून ठेवा. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" हे कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आम्ही पैसे बँकेतून दिले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे '१५ एमएम' हे शब्द जपून ठेवले होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याने फिल्टरचे आणि माशांचे पैसे परत केले. काचेचे आणि कॅबिनेटचे द्यायला तयार नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. काचा आणि तो छापाचा प्लाय पुरावा म्हणून ठेवलाय.